मावशीची सुई

अमरावतीहून सकाळी अकोल्याला जाणाऱ्या एसटीत तो रोज माझ्या पुढच्या सीटवर असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बडनेऱ्याला फुलांची टोपली घेऊन एक मावशी चढायची आणि त्याच्या डावीकडे बसून हार ओवायची. मग हा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे किस्से सुरू करायचा. मावशीला कमी ऐकू यायचं, म्हणून शेवटचं वाक्य तिच्याकडे झुकून पुन्हा सांगायचा. हसताना तिची सुई थांबली तर ठीक, नाहीतर तो किस्सा कायमचा बाद.

“आमी सारे हासलो ना बाप्पा, मंग काहून टाकून राहिला?” मी एकदा चिडून विचारलं.

“तुमी मले बरं वाटावं म्हून हासता. मावशीले कोनाची भीड नाई.”

आता तो मोबाईलवर दिसतो, स्टेजवर माईक घेऊन. माझी पुण्याची सून म्हणते, डावीकडे झुकून शेवटचं वाक्य दोनदा म्हणणं ही त्याची स्टाईल आहे. सगळं सभागृह हसत असतं. हा मात्र डावीकडच्या रिकाम्या जागेकडे झुकून थांबलेला असतो, सुई थांबली का ते बघत.