लाल रेघेच्या आतला काजू

हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत त्याला सगळे ‘काटा’ म्हणतात. लाँड्रीच्या मागच्या अंगाला बॉयलरची खोली आहे आणि तिथे दाबाच्या घड्याळासमोर तो वर्षानुवर्षं उभा आहे. घड्याळाचा काटा लाल रेघेच्या आत असला की सगळं ठीक. रेघेकडे सरकला की वाफ सोडायची. या नियमावर त्याची नोकरी बिनअपघाताची झाली. त्यामुळे बायकोचा ताप असो की टीव्हीचा आवाज, प्रत्येक गोष्टीला कुठेतरी लाल रेघ असणारच, असं तो धरून चालला.

बायको बस डेपोच्या तिकीट खिडकीवर बसते. त्याच त्या प्रश्नाला तेच ते उत्तर देऊन दिवसअखेर तिचा घसा बसलेला असतो. मग घरी नवरा असतो.

मुलगी दुसरीत आहे. मैत्रिणीच्या डब्यातलं शेंगदाण्याचं बिस्किट खाऊन तिच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास घुसमटला आणि शाळेतूनच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे इंजेक्शनने ती सावरली. तेव्हापासून तसं तयार इंजेक्शन घरात असतं. डॉक्टरबाईंनी फक्त शेंगदाण्याची रक्ततपासणी लिहून दिली होती. लॅबच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, मोठं पॅकेज घ्या, सगळं एकदाच कळून जाईल. काट्याला सगळं कळायला हवंच होतं.

रिपोर्ट आला तेव्हा अर्धं पान पॉझिटिव्ह, मोठे आकडे वर, लहान खाली. काट्याने ते फ्रिजवर चिकटवलं, पट्टी घेतली आणि मधोमध लाल रेघ मारली. शेंगदाणे आणि अंडं रेघेच्या वर, म्हणून बंद. दूध आणि गहू रेघेच्या आत पण जवळ, म्हणून अर्धे: दूध अर्धा कप, पावाचा एकच तुकडा. काजू अगदी तळाशी, म्हणून खुशाल.

“अहो, अंडं ती रोज खात होती,” बायको म्हणाली. “टेस्टच्या दिवशीसुद्धा खाऊन गेली होती. काही झालं का तिला?”

“आत दाब वाढत असणार. एकदम कळत नाही.”

“आणि काजू खुशाल? मागे काजूचं आइस्क्रीम खाल्लं तेव्हा ओठ सुजले होते. उलट्या झाल्या.”

“उन्हातून आली होती ती. आकडा बघ की! काटा हललासुद्धा नाहीये.”

“तुमचा काटा घाला चुलीत.”

नशिबाने घरात वाणसामान बायकोच आणायची, आणि काजू ती आणत नव्हती. अंडं मात्र बंद झालं. दोन-तीन महिन्यांत मुलीचा शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला. बायकोने त्याला पिन लावली आणि डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातात घेतला, रेघ पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ही रेघ लॅबने मारली?”

“मी,” काटा म्हणाला.

“अंडं बंद करायला कोणी सांगितलं?”

“रिपोर्टने.”

“रिपोर्टने तिला कधी जेवताना पाहिलंय?” बाईंचा आवाज चढला. “पॉझिटिव्ह म्हणजे तिचं रक्त अंड्याला ओळखतं, एवढंच. ओळख असली की भांडण होतंच असं नाही. ती अंडं खाऊन ठणठणीत होती ना? मग तो आकडा तिथेच सोडायचा. दूध, गहूही तसेच. पोटभर द्या.”

“पण आकडा मोठा आहे.”

“आकडा मोठा म्हणजे अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त. रिअ‍ॅक्शन किती जोराची येईल, ते आकडा सांगत नाही. लहान आकड्याच्या मुलालाही जोराची येऊ शकते. म्हणून मी आधी विचारते, खाल्ल्यावर काय झालं? काय काय झालंय आजवर?”

बायकोने आइस्क्रीमची हकिगत सांगितली. ओठ किती वेळात सुजले, उलट्या कधी झाल्या, सगळं. काटा मध्येच म्हणाला, “पण ते रिपोर्टमध्ये नाहीये.”

“तेच तर!” दोघी एकदम म्हणाल्या.

काजू पूर्ण बंद झाला, शेंगदाण्यासारखाच. घरातलं इंजेक्शन आता जिथे मुलगी तिथे न्यायचं ठरलं. अंड्याला इतका खंड पडला होता, त्यामुळे ते घरी सुरू न करता डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं ठरलं.

जिन्यात काटा थांबला. “म्हणजे मी सगळं उलटं केलं?”

“सगळं नाही,” बायको म्हणाली. “शेंगदाणे बरोबर होते.”

अंड्याच्या दिवशी त्याने रजा घेतली. वॉर्डातल्या पलंगावर मुलगी मांडी घालून बसली. नर्सने उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा कण दिला, मग थांबली, मग थोडा मोठा. डॉक्टरबाई अधूनमधून येऊन मुलीचा श्वास ऐकून जात. काटा आधी भिंतीवर काहीतरी शोधत राहिला. तिथे खिडकी आणि हात धुण्याची सूचना होती. शेवटी त्याने खुर्ची पलंगाला टेकवली आणि मुलीच्या तोंडाकडे टक लावली.

“खाज येतेय? घशात काही? पोटात?”

“नाही, बाबा.”

“ओठ दाखव.”

“आई, बाबाला सांग ना. मी काय बॉयलर आहे का?”

“बघू दे त्यांना,” आई म्हणाली. “पहिल्यांदाच बघतायत.”

अंडं संपलं. त्यानंतरही त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. काही झालं नाही. मुलीने फक्त एक तक्रार केली, मीठ नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर नवा कागद होता. बायकोने तो लांबून पाहिला आणि कपाळावर हात मारला. “अहो, परत?”

“वाच तर आधी.”

कागदावर शेंगदाणे आणि काजू दोन्ही सारख्याच अक्षरात होते, पुढे ‘अजिबात नाही’, खाली ‘इंजेक्शन दप्तरात’. आकडा कुठेच नव्हता. बायकोने दप्तर उघडून इंजेक्शन आहे ना ते पाहिलं. काट्याने ते रात्रीच ठेवलं होतं. मग तिने गॅसवर अंडं उकडायला ठेवलं, आणि काटा मुलीसमोर खुर्ची ओढून बसला.

“बाबा, तू कामावर जा,” मुलगी म्हणाली.