झिंग्यांना गोड्या पाण्याची सवय

"मॅडम, पिशव्या फोडू का?" सुनंदाबाईंनी विचारलं.

तलावाच्या पाळीवर मंडप लागला होता. कार्यक्रमाचे पाहुणे इकडे यायला निघाले होते. त्यांच्या हस्ते तलावात झिंग्याचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडायचं होतं.

सुनंदाबाई चामोर्शीजवळच्या एका गावातल्या महिला मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष. मी मत्स्य विभागात अधिकारी. बीज आणलं होतं चंद्रपूरचे व्यापारी शब्बीरभाऊ यांनी, किनाऱ्यावरच्या हॅचरीतून, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रातून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत.

मी पिशवीतल्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला. ही हातात मावणारी नळी. डोळ्याला लावली की पाण्यातलं मीठ कळतं. पाणी चांगलंच खारं निघालं.

"मले तं गोड्या पाण्याचं बीज म्हणूनच देलं," शब्बीरभाऊंचा चेहरा उतरला.

परदेशातला सालमन मासा नदीत जन्मतो. समुद्रात जाण्याआधी त्याच्या पिल्लाचं अंग बदलतं, कल्ले जास्तीचं मीठ बाहेर टाकायला शिकतात. आपल्या झिंग्याचं उलटं. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याचं बाळपण खाऱ्या पाण्यात जातं. गोड्या पाण्यात आल्यावर त्याच्या कल्ल्यांना अंगातलं मीठ धरून ठेवावं लागतं. ही सवय हळूहळू लावायची असते. हॅचरीनं ती लावलीच नव्हती.

मी विभागातल्या माझ्या साहेबांना फोन केला.

"दोन पिशव्या तरी सोडा. फोटो होऊ द्या," साहेब म्हणाले.

"मेलेले झिंगे वर आले तर तेही फोटोत येतील, साहेब."

साहेबांनी विचारलं, "मग पाहुण्यांना काय सांगणार?"

"ते मी बघते."

सुनंदाबाईंना वेगळीच धास्ती होती. मागच्या पुरात त्यांची सगळी मासोळी वाहून गेली होती. "यंदा बीज मेलं तं बाया संस्थेत राहत नाई, मॅडम."

आम्ही पिशव्या पाण्यासकट ड्रममध्ये रिकाम्या केल्या, पाण्यात हवा सोडणारे एअरेटर लावले आणि तलावाचं पाणी थोडं थोडं मिसळायला लागलो. तेवढ्यात लाइट गेली. एअरेटर बंद.

"आता काय करता?" शब्बीरभाऊ म्हणाले.

"ड्रममधलंच पाणी लोट्यानं उचला आन् वरून सोडा. पडताना हवा घेऊन जाते," मी सांगितलं.

बायका ड्रमभोवती उभ्या राहिल्या. शब्बीरभाऊंनीही बाह्या सारून लोटा घेतला. हात भरून आले की दुसरी बाई पुढे यायची.

पाहुणे आले. मी त्यांना खरं ते सांगितलं आणि तलावाच्या पाण्याचा लोटा हातात दिला. त्यांनी तो सावकाश ड्रममध्ये ओतला. भाषण झालं, ते गेले. बायकांचं काम चालूच होतं.

ऊन उतरल्यावर बीज तलावात सोडलं. किती जगतं ते कळावं म्हणून प्रत्येक ड्रममधलं थोडं वेगवेगळ्या हाप्यांत, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवलं. सकाळी सुनंदाबाईंनी हापे उचलले. एका ड्रममधलं बरंचसं मेलं होतं; त्यात गोडं पाणी जरा भरभर पडलं होतं. बाकीचं जिवंत होतं. सुनंदाबाई पाळीवरच खाली बसल्या.

"वाचले," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

हिवाळ्यात जाळं ओढलं तेव्हा वीतभर झिंगे निघाले. संस्था टिकली.

तेव्हापासून बीज येतं त्या दिवशी मी कार्यक्रम ठेवू देत नाही. पाहुण्यांची तारीख बदलता येते. झिंग्याच्या कल्ल्यांना घाई करता येत नाही.