दहा वॉट बस, पप्पा

चहा हातात आहे ना? मग आधी दोन घोट घ्या आणि कप खाली ठेवा. कारण मी जे सांगणार आहे त्यात एका बाईंच्या अंगावर चहा सांडतो, आणि तो माझ्यामुळे सांडतो. शहाणपणा करायला गेलो आणि अख्ख्या गल्लीसमोर स्वतःचा मामा करून घेतला, त्याचा हा किस्सा.

मी पॉवरलूमच्या खात्यात मास्तर. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात, आणि मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. लूम बिघडला की उघडून नीट करणारा. अमळनेरकडून इथे आलो त्याला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत माझं नाव एकाच गोष्टीसाठी झालं. मास्तरांचा कान! लूम खडखडायला लागला की शेठ म्हणणार, "मास्तरना बोलवा, कान लावू द्या." मी जाणार, लूमच्या अंगावर तळहात ठेवणार, डोळे मिटणार आणि सांगणार, "डावीकडचं बेअरिंग." उघडून बघावं तर डावीकडचंच बेअरिंग!

तळहात ठेवायचो, हे लक्षात ठेवा. माझ्या स्वतःच्या ते कधी लक्षात आलं नाही.

आता शंभर लूम एकदम चालू असताना कोण कुणाशी बोलणार? आम्ही हातानं बोलतो आणि समोरच्याचे ओठ वाचतो. ओडिया असो, बिहारी असो की आमचा खानदेशी, खात्यात सगळ्यांची भाषा एकच. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला की… जाऊ द्या, आपण गुजरातेत आहोत.

घरचं म्हणाल तर माझी बायको सुमन मुळातच मोठ्यानं बोलणारी. टीव्हीचा आवाज तिला कायम जास्त वाटतो, मला कायम कमी. आणि फोनचं नेटवर्क आमच्या नवागामात पहिल्यापासून भिकार, समोरचा काय बोलतो ते धड कळतच नाही. या तिन्ही गोष्टींची बेरीज करायला मला तीस वर्षांत सवड झाली नाही.

तर आमची रूपा. एकुलती एक, कॉलेजात शिकते. तिनं शिकवण्यांच्या पैशातून मैत्रिणीची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. तुम्ही बघितली असेल, चपटी असते, साध्या गिटारीसारखं तिला पोट नसतं. त्यामुळे अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला जोडल्याशिवाय ती नुसती किणकिणते. वर्षभर पोरीनं तशीच किणकिणत वाजवली. मला तर वाटायचं ती नुसती बोटं हलवते. कौतुक म्हणून मी मान डोलवायचो.

आणि नवरात्रीच्या महिनाभर आधी संधी चालून आली. हंसाबेन म्हणून एक बाई गरब्याचा ऑर्केस्ट्रा चालवतात. त्यांचा गिटारवाला लग्न करून बडोद्याला गेला. कुणीतरी रूपाचं नाव सुचवलं. बाई म्हणाल्या, "रविवारे सवारे घरे आवीश, सांभळीश, पछी वात." म्हणजे रविवारी सकाळी घरी येऊन ऐकणार आणि मगच ठरवणार. नऊ रात्री मैदानावर वाजवायचं! पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.

गुरुवारी तिचं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, म्हणून तिनं मला चिठ्ठी लिहून दिली. घरात सरावापुरता छोटा अँप. दहा वॉट. हेडफोन लावायचं भोक पाहिजे. नवाच घ्या, स्वस्तातले चांगले मिळतात.

"दहा वॉट बस, पप्पा," ती म्हणाली. "जास्त नको. नक्की ना?"

"अगं, मशीन घ्यायचं म्हणजे माझंच काम. मी कान लावून घेतो!"

हे माझं वाक्य सुमन अजून पाहुण्यांना ऐकवते.

कतारगामात परेशभाईंचं साउंडचं दुकान आहे. माणूस भला. त्यांनी डब्याएवढा दहा वॉटचा अँप काढला, गिटार जोडली आणि छेडली. मी वाट बघत उभा.

"भाई, चालू तो करो," मी म्हणालो.

"चालू ज छे, काका!"

मी अँपवर तळहात ठेवला. कुठेतरी मुंगी चालल्यासारखं वाटलं. हा अँप की चेष्टा? मी अंगठा वर करून म्हटलं, "अजून." त्यांनी वाढवला. "अजून." त्यांनी पुन्हा वाढवला. माईक बघायला आलेलं एक जोडपं निघून गेलं. परेशभाईंनी एक डोळा बारीक केला. मला वाटलं, निकृष्ट माल दाखवला म्हणून लाजले असतील.

वीस वॉटचा दाखवला. तोही आजारी. चाळीसचा जरा बरा, पण अंगात दम नाही. आणि मग कोपऱ्यात, जुन्या पडद्याखाली, मला तो दिसला. लहान फ्रिजएवढा! काळा कुळकुळीत, चार कोपऱ्यांना लोखंड. मी हलवून बघितला, हलेना. आता मला सांगा, आमच्या धंद्यात चांगलं मशीन कुठलं? जे जड ते चांगलं!

"आ केटला वॉट?"

"सो. पण काका, आ तो मेदान माटे छे. एक ऑर्केस्ट्रावाळो मूकी गयो. घर माटे पेलो नानो बस छे."

म्हणजे शंभर वॉट, मैदानावरचा; घराला तो छोटाच पुरे, असं त्यांचं म्हणणं. मी चालू करायला लावला. तळहात ठेवला. अहाहा! हात खांद्यापर्यंत थरथरला. याला म्हणतात आवाज! आणि किंमत? जुना आणि अवजड, त्यामुळे कुणी घेत नव्हतं. नव्या दहा वॉटच्याच भावात द्यायला तयार. तेवढ्याच पैशात दहापट! असा सौदा सोडणारा खानदेशी माणूस अजून जन्माला यायचाय.

हेडफोनचं भोक नव्हतं. मी मनात म्हटलं, इतका मोठा आवाज असताना कानात बोळे कोण घालणार?

"पण पाछो नहीं लउं, हं काका," परेशभाई म्हणाले. मी हसलो. परत कोण देणार?

रिक्षावाल्यानं दोन माणसांचं भाडं घेतलं. पेटी घरात यायला दारातून आडवी करावी लागली. सुमन कमरेवर हात ठेवून उभी.

"ओ रूपाना पप्पा, हाई काय लई उनात तुम्ही? ठेवानं कोठे? मना डोकावर?"

"तू बघच," मी म्हणालो.

संध्याकाळी रूपा आली. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. भांडली असती तर परवडलं असतं. मला वाईट वाटलं, पण वाटलं पोर लहान आहे, मशीनची पारख नाही.

"ऐकून तर बघ!"

तिनं वायर जोडली, आवाजाचं बटण केसभर फिरवलं आणि तार छेडली. सुमननं कानांवर हात ठेवले.

"चालू केलास का?" मी विचारलं.

"पप्पा! चालू आहे!"

"छे, असं कुठे असतं," म्हणत मी पुढे झालो आणि बटण सरळ मध्यावर नेलं. "आता वाजव."

फळीवरचे स्टीलचे डबे एकामागून एक खाली आले. भिंतीवरचं कॅलेंडर सुटलं. "हां! आता आला आवाज!" मी टाळी वाजवली. आणि तेवढ्यात दारात माणसं! आमच्या गल्लीत निम्मी घरं रात्रपाळीची, कामावर जायच्या आधी त्यांची झोप चाललेली. शेजारचे नाना बनियनवर, कडेवर नातू घेऊन धावत बाहेर आलेले. त्यांना वाटलं भूकंप झाला.

"मास्तर," नाना म्हणाले, "आम्ही रात्रभर लूम ऐकायचा का, आणि घरी येऊन पण लूमच?"

झालं! गल्लीनं फर्मान काढलं, पेटी बंद. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रूपा वायर न जोडता किणकिणत राहिली. हेडफोनचं भोक असतं तर रात्रंदिवस वाजवलं असतं, हे ती एकदाही म्हणाली नाही. सुमन म्हणाली. चार वेळा म्हणाली.

रविवारी मी तोडगा काढला. घरातल्या चारही गोधड्या पेटीवर घातल्या आणि नानांना सांगून आलो, दहाच मिनिटं सहन करा. अकराला हंसाबेन आल्या. पन्नाशीच्या, कोऱ्या करकरीत बांधणीच्या साडीत. सुमननं चहा दिला. रूपानं बटण इतकं हळू फिरवलं की कुलूपवालाही थक्क झाला असता, आणि वाजवायला लागली.

मी कोपऱ्यात, पेटीच्या शेजारी. पोरीची बोटं पळताहेत आणि आवाजाचा पत्ता नाही! गोधडीवर हात ठेवला, कापूस लागला. हंसाबेनकडे बघितलं तर बाईंचे डोळे मिटलेले. झोपल्या! वर्षभराची मेहनत, नऊ रात्री, सगळं या गोधड्यांखाली गुदमरून चाललंय आणि बाप बघत बसलाय? बापाला राहवेल का?

मी गोधड्यांखाली हात घातला आणि बटण फिरवलं. किती? ते आता कुणी विचारू नये.

चहा हंसाबेनच्या बांधणीवर सांडला, कप सुमनच्या पायावर पडला. सगळ्यात वरची गोधडी सरकून माझ्याच डोक्यावर आली. मी तिच्यातून बाहेर डोकं काढलं तेव्हा रूपानं वायर उपटलेली होती आणि पोरगी रडत होती. मेलो, असं वाटलं मला. आपल्या हातानं घालवलं.

हंसाबेन रुमालानं तोंड पुसत माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. मी हात जोडून उभा. बराच वेळ कुणीच काही बोलेना.

"पप्पा," शेवटी रूपा समोर येऊन म्हणाली, "त्या तुम्हाला तिसऱ्यांदा विचारताहेत. खात्यात किती वर्षं झाली?"

"मग रुमाल तोंडावर धरून कशाला विचारतात? रुमालामुळे ऐकू येत नाही!"

रूपानं डोळे पुसले. माझ्याकडे बघत राहिली.

"पप्पा, रुमालामुळे ओठ दिसत नाहीत. ऐकू येतं."

सुमन पलंगावर बसली. मी हंसाबेनकडे बघितलं. त्यांनी रुमाल खाली घेतला, आणि त्या बोलल्या ते सगळं मला एकदम स्वच्छ कळलं. त्यांचा भाऊही खात्यात होता म्हणे. तोही असाच, तळहातानं ऐकायचा.

टीव्ही, बायको, नेटवर्क. तीस वर्षांची बेरीज तिथे उभ्या उभ्या झाली. खरं सांगतो, भीती वाटली. आणि नंतर नवागामच्या नेटवर्कची मनातल्या मनात माफी मागितली.

जाताना हंसाबेन दारात थांबल्या. मी काही म्हणण्याआधीच म्हणाल्या, "छोकरीनो हाथ बहु सारो छे. हुं तो आंखो बंद करीने सांभळती हती. नवरात्रीमा लई जईश. आ पेटी पण लावजो, मेदानमा काम लागशे." म्हणजे बाई झोपल्या नव्हत्या, डोळे मिटून ऐकत होत्या; आणि पोरगी, पेटी दोन्ही मैदानावर जाणार! मग माझ्याकडे बोट दाखवून रूपाला म्हणाल्या, "पण पप्पाने एनाथी दूर राखजे."

डॉक्टर झाले, तपासणी झाली, कानात मशीन आलं. पहिल्या दिवशी ते घालून खात्यात गेलो आणि दारातूनच परत फिरलो. बाप रे! हे असं वाजतं? यात मी तीस वर्षं काढली? शेठनं हाक मारली, "मास्तर, सात नंबरला कान लावा." लावला. काही कळेना, नुसता गोंगाट. शेवटी मशीन काढून खिशात ठेवलं, तळहात लावला. उजवीकडचं बेअरिंग.

मोठी पेटी मैदानावर गेली, म्हणून घरी सरावाला छोटा अँप आणायला मी आणि रूपा पुन्हा कतारगामात गेलो. या वेळी कानात मशीन. परेशभाईंनी मला ओळखलं; आधी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना बाहेर जाऊन चहा प्यायला सांगितलं. मग तोच दहा वॉटचा डबा काउंटरवर ठेवून वायर हातात घेतली.

आता मला पारख आली होती ना! मी दोन्ही हात वर केले.

"बस, बस, परेशभाई! केवढा हा आवाज! जरा कमी करा!"

रूपानं कपाळावर हात मारून घेतला. परेशभाईंनी आधी वायरकडे बघितलं, मग वर छताकडे.

"काका, हजी तो चालू ज नथी कर्यो," ते म्हणाले. "ए तो पंखो छे."