चार अँटेना आणि मेश्राम काका

ज्या कामामुळे लोक मला ओळखतात, त्यातली खरी गोष्ट मला सुचलेलीच नाही.

ती देवराम मेश्राम काकांना सुचली होती.
आज सकाळी केशोरीला, राहत्या घरी काका वारले.

गोंदियाच्या कॉलेजात मी पीएचडी करत होतो, तेव्हा काका तिथे लॅब टेक्निशियन होते.

माझा विषय चार अँटेनांचा ट्रान्समीटर. प्रत्येक अँटेनाला वेगळा अॅम्प्लिफायर.
अॅम्प्लिफायरला जास्त ताण दिला की तो सिग्नल बिघडवतो. म्हणून तो किती बिघडवतो ते आधी मोजायचं, आणि सिग्नल तेवढाच उलटा वाकवून आत सोडायचा. बाहेर सरळ निघतो.

एकेक अँटेना चालवला की रिझल्ट मस्त.
चारही चालू केले की कचरा.

आठ महिने हेच.

एक दिवस ज्युनियर्ससमोर मी काकांवर ओरडलो. "तुमचं सोल्डरिंगच कच्चं आहे!"

 काकांनी सगळे कनेक्टर काढून पुन्हा जोडले.
रिझल्ट तसाच.

दोन दिवसांनी हळूच म्हणाले, "बाबू, तू एकेकाले वेगळं मोजून राहिला. पण बाजूवाल्याचा सिग्नल याच्यात घुसून राहिला ना. चारही चालू ठेव, मंग मोज."

तसं मोजलं. शेजारच्या सिग्नलचा हिशेब धरून दुरुस्ती केली.
ग्राफ पहिल्यांदाच साफ आला.

त्यावरचा माझा पेपर जर्नलमध्ये छापून आला. काकांनी तो हातात घेतला, एकेक पान उलटलं.

"माझं नाव कुठं हाये? पोरीले दाखवतो."

"काका, टेक्निशियनचं नाव नसतं त्यात."

खोटं बोललो.
पेपरच्या शेवटी आभार होते. गाइडचे, विभागप्रमुखांचे, हॉस्टेलच्या मित्राचेसुद्धा.

"अस्सं काय," म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेले.

त्या पेपरवर बंगळुरूची नोकरी लागली. सात वर्षं झाली. लाज वाटायची म्हणून फोन टाळला, आणि टाळला म्हणून आणखी लाज.

दुपारी त्यांच्या मुलीचा, प्रतीक्षाचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं.

 ती म्हणाली,
"दादा, बाबा होते तेव्हा काऊन नाही सांगितलं?"



त्या पेपरला काकांचं नाव जोडा, असा मेल जर्नलच्या संपादकांना आत्ताच केला आहे. जोडतील की नाही, माहीत नाही.

श्रद्धांजली वाहायला तोंड नाही, काका.
माफ करा. नमस्कार.