दसऱ्याच्या दिवशी गाडी तीनदा थांबली

मोटार बंद का पडते ते मला कळतं, अशी माझी तेव्हा मोठी ऐट होती. मुंबईत चार वर्षं एका गॅरेजात हात काळे करून मी रत्नागिरीला परतलो होतो आणि एका वकीलसाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर लागलो होतो. शहरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. कुणाची अडली की बोलावणं मला. "हँडल फिरतंय, एंजिन खोकतंय, पण सुरू होत नाही," असं कुणी म्हणालं की मी विडी विझवून कानावर ठेवायचो आणि सांगायचो, "दोनच गोष्टी. ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल नाही. तिसरं काही नसतं." शहाणपण पाजळायची हौस दांडगी. त्याच शहाण्याने आपल्या आतेला तिच्या लेकाचं तोंड बघू दिलं नाही.

त्या वर्षी नवरात्रात साहेब देवरूखला सासुरवाडीस आले होते. गाडी जुनी, दोन मालक पाहिलेली. पण येताना सगळे चढ बिनतक्रार चढली. खंडेनवमीला मी तिथल्याच अंगणात तिची पूजा मांडली. नवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याला पुजायचं, ही आमची रीत. शेतकरी कोयता-नांगर पुजतो, मी हँडल आणि पाने पाटावर मांडले. चाकांना गंध लावलं, पुढे झेंडूची माळ बांधली. देवीच्या पाषाणाला लावायचा शेंदूर घरात होता, मेण-तेलात कालवलेला. त्यातला अंगठाभर मी उचलला. ह्या गाडीची पेट्रोलची टाकी काचेच्या पुढ्यात होती आणि तिचं पितळी झाकण बाहेर, अगदी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. गाडीचं अन्न तिथून पोटात जातं, तेव्हा तिचं कपाळ तेच, असं माझ्या डोक्याने घेतलं. झाकणाच्या मधोमध शेंदूर चांगला दाबून टिळा लावला. "वा! नवरीसारखी नटवलीस की रे!" साहेब म्हणाले. मी फुगलो.

दसऱ्याला सकाळी आते धावत आली, अनवाणी. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण, देवरूखजवळच्या वाडीत दिलेली. नवरा केव्हाच गेला होता. एकुलता एक मुलगा मुंबईत गिरणीत होता, माझ्याच वयाचा. मला मुंबई दाखवली ती त्याने. चार वर्षं त्याच्या खोलीत, त्याच्या वळकटीला वळकटी लावून मी झोपलो होतो. आतेच्या मुठीत तार होती. शाळेच्या मास्तरांनी ती वाचून दाखवली होती, तरी तिने माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. मुलगा अत्यवस्थ होता, ताबडतोब बोलावलं होतं.

मुंबईची आगबोट रत्नागिरीहून दुपारी तीनला सुटायची. ती चुकली तर पुढची तिसऱ्या दिवशी. साहेबांनी लगेच गाडी दिली. दहाला आम्ही निघालो. आतेने घाईत एका फडक्यात भाकरी बांधली होती आणि दसऱ्याच्या पूजेतला नारळ तसाच उचलून आणला होता. "पोचू ना रे बाळा?" तिने विचारलं. "दोनला बंदरात उभी करतो तुला," मी म्हणालो.

साखरपा मागे टाकला आणि मैलभरात गाडीने आचके दिले. थांबली. मी हँडल मारलं. हँडल मोकळं फिरत होतं, एंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. प्लगची तार काढून एंजिनाच्या लोखंडाजवळ धरली, ठिणगी लख्ख. प्लग काढले तर कोरडे ठणठणीत. म्हणजे पेट्रोल येत नव्हतं. झालं, जेटमध्ये, कार्ब्युरेटरच्या त्या बारीक तोटीत, कचरा, मी निकाल देऊन टाकला.

मी जेट काढून तोंडाने फुंकत होतो तेवढ्यात आते रस्त्याकडेच्या एका झाडाखाली गेली. तिथे राखणदाराचा, वाट आणि शीव राखणाऱ्या देवाचा, दगड होता. पुढ्यात नारळ ठेवून ती गाऱ्हाणं घालू लागली. "बा राखणदारा म्हाराजा, घाईत निघालंय, गावच्या शिवंवर नारळ द्यायचा राहिला, माझी चूक झाली. लेकराकडं जातंय. वाट अडवू नको रे म्हाराजा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय म्हाराजा म्हण रे. गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारा लागतो."

"गप बस गं आते!" मी खेकसलो. "दगडाने गाडी चालते काय?"

गाऱ्हाणं तसंच अर्धं राहिलं. मीच तिला गप्प बसवलं. मग टाकीत किती उरलंय ते बघायला मी झाकण उघडलं, काडी बुडवली. निम्मी टाकी भरलेली. झाकण घट्ट लावून हँडल मारलं आणि पहिल्या फेऱ्यात गाडी सुरू! आतेने कपाळाला हात लावून दगडाला नमस्कार केला. मी मनात म्हटलं, राखणदार कसला, जेट फुंकला म्हणून चालली. दोघंही चुकलो होतो. तिची चूक निदान कुणाच्या जिवावर उठणारी नव्हती.

नाणिजच्या अलीकडे पुन्हा तोच प्रकार. ठिणगी लख्ख, प्लग कोरडे. जेट फुंकला. काही नाही. पुन्हा फुंकला. हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली. मेलीला काय झालंय तेच कळेना! ऊन डोक्यावर आलेलं. अख्खा कार्ब्युरेटर उतरवून रस्त्यावर फडकं पसरलं आणि एकेक भाग पुसला. आते शेजारी उकिडवी बसून स्क्रू सांभाळत होती, तांदळाचे दाणे जपावेत तसे ओंजळीत. एकदाच म्हणाली, "लहानपणी त्याला ताप आला की पाय दाबून लागायचे." मी पुढच्या स्क्रूसाठी हात पुढे केला. मला रडू येईल असं वाटलं. शेवटी पेट्रोलमध्येच पाणी असेल म्हणून झाकण उघडून थोडं काढून फडक्यातून गाळलं, परत ओतलं, झाकण लावलं. गाडी सुरू.

दीड वाजून गेला होता.

तिसऱ्यांदा हातखंब्याच्या पुढे. तेव्हा मी गाडीला लाथ घातली आणि आईवरून शिवी दिली. आतेने कानांवर हात ठेवले. त्या दिवशी रस्त्याला बैलगाडीसुद्धा मिळेना, घरोघरी सण. पुन्हा ठिणगी, पुन्हा जेट, आता पेट्रोलची नळीसुद्धा. शेवटी काहीच सुचेना म्हणून झाकण उघडलं. पुन्हा सुरू. तरीही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

बंदरात पोचलो तेव्हा चार वाजले होते. आगबोट दीपगृहाच्या पलीकडे गेली होती, नुसता धूर दिसत होता. माणसांना बोटीवर सोडून पडाव, धक्क्यावरच्या त्या मोठ्या होड्या, रिकामे परत येत होते. आते एका खलाशाला म्हणाली, "दादा, हाक मारा ना तिला." त्याने तिला हात धरून धक्क्यावर बसवलं.

तिला साहेबांच्या रत्नागिरीतल्या घरी बसवून मी गाडी धुवायला काढली. अजून उजेड होता. झाकणावरचा शेंदूर ओल्या फडक्याने निघेना, म्हणून खिळ्याने खरवडला. खिळा मध्येच आत रुतला. शेंदराची लहानशी गुंडी आत पडली आणि मागे बारीक भोक उघडं झालं, सुईच्या नेढ्याएवढं. त्या भोकातून टाकीत वारं जातं. वारं आत गेलं नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. घासलेटच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय धार लागत नाही, हे चुलीपुढच्या बाईलाही ठाऊक असतं. झाकण उघडलं की वारं आत जायचं, आणि पुढचे काही मैल गाडी चालायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वाटभर तो लाल टिळा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तिथेच चिखलात बसलो.

आते तिसऱ्या दिवशीच्या बोटीने गेली. मुलगा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला होता. दसऱ्याची बोट मिळाली असती तर त्या सकाळी ती त्याच्या उशाशी असती. खोलीतल्या सोबत्यांनी सांगितलं, दिवसभर दाराकडे बघत होता. आतेच्या वाट्याला त्याची वळकटी आली.

मी तिला खरं सांगणार होतो. ती परतली तेव्हा पडावातून तिला हात देऊन उतरवून घेतलं, तेव्हाच सांगणार होतो. पण उतरल्या उतरल्या तीच म्हणाली, "माझंच चुकलं रे. शिवंवर नारळ न देता निघाले. राखणदाराने तीनदा अडवलं, तरी मला उमगलं नाय. तू किती खपलास बाबा माझ्यासाठी." आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी ती वळकटी खांद्यावर घेतली आणि चालू लागलो. भेकड होतो मी, दुसरं काय!

पुढच्या दसऱ्याला तिने मला बोलावणं धाडलं. साखरप्यापुढच्या त्या झाडाखाली आम्ही दोघं उभे राहिलो. तिने दगडापुढे नारळ ठेवला, डोळे मिटले. "बा राखणदारा म्हाराजा, माझी चूक झाली, तिची शिक्षा माझ्या लेकराने भोगली. आता ह्या पोराला सुखात ठेव रे म्हाराजा. माझ्यासाठी लई राबलाय." मग ती थांबली. गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारा लागतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.