अ‍ॅव्हंक्युलर काका

माझं इंग्रजी चांगलं आहे, असा आमच्या घराण्यात गैरसमज आहे. तो मीच पसरवलाय.

त्यामुळे नाशिकच्या काकांच्या पंचाहत्तरीचं मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. (बायको शाळेत इंग्रजी शिकवते, पण तिला कोण विचारतो!) मानपत्र द्यायला मी मुद्दाम नामपूरच्या मामांना बोलावलं. माझ्या लग्नात मामांना फेटा बांधायचं काकांकडून राहून गेलं, तेव्हापासून दोघांत अबोला. बावीस वर्षं! दीर आणि भाऊ एकदा तरी बोलावेत, एवढीच आईची इच्छा होती.

आता काकांना नुसतं ‘प्रेमळ’ म्हणून कसं चालेल? मी ठसठशीत छापून घेतलं, ‘आमचे अ‍ॅव्हंक्युलर काका’.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या हॉलमध्ये मामा आले. त्यांना फेटा बांधला (मी दोनदा जाऊन खात्री केली). मानपत्राची फ्रेम काकांच्या हातात देता देता ते थांबले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले,

“भाचा, हाऊ काय शब्द शे?”

“अंकलसारखा मायाळू! म्हणजे काकांसारखा!” मी माइकवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. इंग्रजांनी काका, मामा, आत्याचे यजमान सगळे एकाच अंकलमध्ये कोंबलेत. आत नेमकं कोण बसलंय, हे मी कशाला बघतोय!

बायकोने मोबाइलमध्ये बघितलं. “अहो, मूळ लॅटिन आहे. अव्हुंकुलस. छोटे आजोबा, म्हणजे आईचा भाऊ.”

“मंग हाऊ शब्द मना शे!” मामांनी फ्रेम मागे ओढली. काकांनी दुसरं टोक सोडलं नाही.

“लॅटिनमध्ये काकाला काही शब्दच नाही का?” काका गरजले.

“आहे ना. पॅट्रुअस.”

“त्याचा अर्थही मायाळूच असेल!” मी घाईघाईने माइकवरून जाहीर केलं.

“नाही हो. सारखा टोचून बोलणारा खाष्ट माणूस.”

फ्रेमची काच तडकली. आईने डोळे मिटून घेतले. मला स्टेजखाली शिरावंसं वाटलं.

काका लालबुंद होऊन मामांकडे वळले. “काय हो पाहुणे, ही अक्कल याला तुमच्याकडून आली का?”

“नई बा! आमनाकडे अशी अक्कल कोणलेच नई शे!”

मग दोघं खुर्च्या ओढून बसले आणि तासभर बोलत राहिले. आईने आनंदाने डोळे पुसले. माझी अक्कल कुठल्या घराण्यातून आली, हा एकच विषय होता. शेवटी दोन्ही घराण्यांनी एकमताने हात वर केले.