गणिताचा टॅब बघायला पावस आणि जयगड

संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीतल्या शाळेला, जिथे मी शिकवते, गावच्या मुंबईकरांचं मंडळ गणितासाठी काहीतरी भेट देणार होतं. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "बाई, पुन्हा जमायचं नाही. नीट बघून घ्या." विकणाऱ्याला सगळंच उत्तम वाटतं, म्हणून गणिताचे स्मार्ट बोर्ड, टॅब जिथे वापरात आहेत अशा शाळाच बघायचं मी ठरवलं. घेतलेली वस्तू कपाटात पडली, तर आमच्या पोरांना दुसरी मिळणार नव्हती.

आधी पावस. रत्नागिरीहून एसटीने जात असाल तर उजवीकडची खिडकी धरा, भाट्याच्या पुलावर समुद्र दिसतो. तिथल्या शाळेत भिंतभर स्मार्ट बोर्ड होता. अपूर्णांकांचा व्हिडिओ इतका देखणा, की मीही हरखून बघत बसले. संपल्यावर मुलांना विचारलं, अर्ध्या भाकरीचे दोघांत वाटे केले तर एकाला केवढी? सगळी पोरं बोर्डाकडे बघायला लागली. मला हसू आलं, मग वाईट वाटलं. बाहेर टपरीवर गरम घावणे खाल्ले आणि रत्नागिरीला मुक्कामाला परतले.

दुसऱ्या दिवशी जयगड. आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे, पण वळणं लागत असतील तर रिकाम्या पोटी बसू नका. पुढे बंदराचे ट्रक लागतात, तिथे धूळ फार. शाळेत प्रत्येकाच्या हातात टॅब, सगळी माना खाली घालून बसलेली. सर म्हणाले, "चुकलं की टॅब आपोआप सोपं गणित देतो. मला बघावं पण लागत नाय." मला तो टॅब आवडला. मनात मी तोच घेतला होता.

मग पाचवीतली सानिका दिसली. ती हातच्याच्या वजाबाक्या करत होती. "पूर्वी सगळ्यात आधी हात वर करायची," सर म्हणाले, "हल्ली गप्प असते." मी तिची जुनी उत्तरं उघडायला लावली. चार मच्छीमारांनी साठ बांगडे समान वाटून घेतले, प्रत्येकाला किती? तिने दहा लिहिलं होतं. पुढे लाल फुली.

"दहा कसे गं आले?"

"चार माणसांचे चार वाटे, येक होडीचा, येक जाळ्याचा," ती म्हणाली. "होडीला वाटा नको काय?"

वाट्याच्या सगळ्याच गणितांत तिने होडी आणि जाळं धरलं होतं. तिच्या घरी मासळी तशीच वाटतात. टॅबने फुल्या मारत मारत तिला खाली उतरवलं होतं आणि कसं केलंस, हे कुणीच विचारलं नव्हतं. सरांचा चेहरा उतरला. ते तिच्याजवळ खाली बसले. "पोरी, तुझा भागाकार बरोबर हुता. होडीचं गणितात लिहिलेलं नव्हतं, येवढंच."

तिने वर बघितलं नाही. "मग ह्यो मला तिसरीचीच गणितं कशाला देतो?"

सरांनी तिच्या हातातला टॅब बाजूला ठेवला. तिथून निघताना मला रडू आवरेना.

घरी येऊन चौकशी केली आणि मंडळाला दुसराच एक साधा टॅब सुचवला. त्यात चित्रं कमी आहेत, पण शिक्षकाला स्वतःची गणितं घालता येतात, मूल पायऱ्या लिहू शकतं आणि पुढचं गणित कुठलं द्यायचं ते शिक्षक ठरवतो. सेक्रेटरी नाराज झाले. "म्हणजे सगळं तुम्हालाच तपासावं लागणार. मग मशीन कशाला, बाई?"

"सरावाला," मी म्हटलं. "पण कुठल्याही मुलाला खाली उतरवायचं असेल, तर आधी त्याच्याशेजारी मी बसणार."

 मग ते म्हणाले, "आमच्या वेळी माझ्याशेजारी असं कोण बसलं असतं तर."